शिंगराचें शिक्षण : जन्मापासून खोगिरापर्यंत

मार्गशीर्ष महिना जवळ आला कीं आपल्या यवतमाळ जिल्ह्यांतील हौशी कास्तकारांचें लक्ष पैनगंगेपलीकडे लागतें. नांदेड जिल्ह्यांतील लोहा तालुक्यांत माळेगांव येथें खंडोबाची यात्रा भरते, व तेथील जनावरांच्या बाजारांत घोडीं, खेचरें आणि गाढवें विक्रीस येतात. त्याच महिन्यांत दत्तजयंतीच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्यांत तापीकांठीं सारंगखेडें येथें घोड्यांचा मोठा बाजार भरतो. दोन्हीं ठिकाणीं खरेदीदार काय पाहतो ? तो रंग पाहतो, भोंवरे मोजतो, ओठ उचलून दांत पाहतो, आणि शेवटीं भावाची घासाघीस करतो. परंतु अनोळखी माणसाच्या हातीं दोर दिला असतां शिंगरूं सरळ चालतें कीं नाहीं, चारही पाय उचलूं देतें कीं नाहीं, कानास हात लावूं देतें कीं नाहीं, हें क्वचितच पाहिलें जातें. घरीं आणल्यावर पश्चात्ताप होतो तो बहुधा याच गोष्टींचा.

पूर्वीं फिरतीवरील अंमलदार, गांवचा पाटील व दूरच्या वाडीचा मालक घोड्यावरून फिरत. तें काम आतां मोटारसायकलीनें घेतलें आहे. आज घोडें पाळलें जातें तें वरातीसाठीं, यात्रेसाठीं, क्वचित् टांग्यासाठीं व मुख्यत्वें हौसेसाठीं. म्हणजे गर्दींत, वाजंत्र्यांत, बायकामुलांच्या घोळक्यांत शांत उभें राहणें हेंच आजच्या घोड्याचें मुख्य काम झालें आहे. रानावनांत बिचकणारें घोडें फार तर स्वारास पाडील. वरातींत बिचकणारें घोडें दुसऱ्याच्या लेंकराचें डोकें फोडील. यास्तव शिक्षणाची गरज कमी झाली नसून वाढली आहे.

मराठेशाहींत शिंगरूं तयार करण्याचें काम चाबुकस्वाराकडे असे. बारगिराचें घोडें सरकारी पागेचें, आणि शिलेदाराचें घोडें त्याच्या स्वतःच्या मालकीचें असे. घोडें बिघडलें कीं शिलेदाराची रोजी बिघडत असे. आज आपल्या खेड्यांत जाणता चाबुकस्वार मिळणें कठीण झालें आहे. म्हणून हें काम मालकानें स्वतः किंवा त्याच्या सालदारानें करावें लागतें, आणि तें नीट कसें करावें हें या लेखांत सांगावयाचें आहे.

१. गोऱ्हा आणि शिंगरूं

गोऱ्हा वळणास कसा लावावा हें आपल्यांतील प्रत्येकास ठाऊक आहे. वेळ आली म्हणजे त्यास नाथून वेसण घालतात, मुरलेल्या बैलाच्या जोडीस देतात, आधीं हलकें लांकूड ओढावयास लावून मग वखरास किंवा गाडीस जुंपतात. नव्यास जुना धरून ठेवतो, आणि कांहीं दिवसांत काम मार्गीं लागतें. ही रीत बैलाच्या स्वभावास धरून आहे. तीच रीत शिंगरास लावूं गेल्यास शिंगरूं बिघडतें.

याचें कारण दोन्हीं जनावरांच्या भीतींत आहे. बैल भ्याला तर अडतो, बसतो किंवा शिंगें रोखतो. घोडें भ्यालें तर पळतें. मोकळ्या माळावर राहणाऱ्या त्याच्या पूर्वजांस पळणें हाच वांचण्याचा उपाय होता, आणि तोच स्वभाव आजच्या शिंगरांत कायम आहे. पळण्यास वाट नसेल तेव्हां तें लाथ मारतें, चावतें किंवा मागच्या पायांवर उभें राहतें. म्हणून घोड्यास दोरांनीं जखडून आणि माराचा धाक दाखवून शिकविणें म्हणजे आधीं त्याची वाट बंद करणें व मग त्यास भिवविणें होय. अशा रीतीनें दमविलेलें घोडें कांहीं दिवस मुकाट्यानें वागतें, परंतु त्याची भीति गेलेली नसते. बाजारांत ‘तेज’ म्हणून वाखाणलें जाणारें घोडें पुष्कळदां केवळ भ्यालेलें असतें.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. घोड्याचे डोळे डोक्याच्या बाजूंस असल्यामुळें त्यास जवळ जवळ सभोंवार दिसतें. मात्र कपाळासमोर अगदीं जवळची आणि शेंपटीच्या थेट मागची जागा त्यास दिसत नाहीं. मागून एकाएकीं हात लावणाऱ्यास लाथ बसते ती बहुधा दुष्टपणानें नव्हे, दचकल्यामुळें. जवळ जातांना खांद्याच्या दिशेनें तिरपें जावें, आधीं आवाज द्यावा, मग मानेस हात लावावा. घरांतील मुलांस हा नियम पहिल्याच दिवशीं शिकवावा.

२. दाब आणि सुटका

घोड्याच्या सर्व शिक्षणाचा पाया एका नियमांत आहे. दोराची ओढ, खांद्यास लावलेला हात, लगामाचा ताण, कुशीस लागलेली स्वाराची टांच, हे सर्व दाबाचेच प्रकार होत. दाब आला म्हणजे शिंगरूं त्यांतून सुटण्यासाठीं कांहीं ना कांहीं करून पाहतें. तें मागें रेटतें, डोकें उडवितें, बाजूस सरतें किंवा एक पाऊल पुढें टाकतें. यांपैकीं ज्या कृतीनंतर दाब नाहींसा होतो, ती कृति त्याच्या लक्षांत राहते. अर्थात् शिकविणाऱ्याचें कौशल्य दाब देण्यापेक्षां दाब सोडण्याच्या वेळेंत अधिक आहे.

समजा, सालदार शिंगरास गोठ्याबाहेर नेण्यासाठीं दोर ओढतो आहे. शिंगरूं पाय रोवून उभें राहतें. सालदार जोर लावतो, शिंगरूं डोकें झटकतें, आणि सालदाराच्या हातून दोर सुटतो. येथें धडा पुरा झाला : डोकें झटकलें कीं सुटका होते. दुसऱ्या दिवशीं तें अधिक जोरानें झटकेल. आतां दुसऱ्या घरीं पाहूं. तेथें मालक दोर हलका ताणतो व तसाच धरून ठेवतो. झटका देत नाहीं, ओढ वाढवीत नाहीं. शिंगरूं कंटाळून अंगाचा भार किंचित् पुढें टाकतें. त्याच क्षणीं मालक दोर सैल सोडतो आणि मानेवर खाजवितो. मग पुन्हां एकवार. पांच-सात वेळां असें झालें कीं दोर ताणण्यापूर्वींच शिंगरूं पाऊल उचलूं लागतें. दोन्हीं घरीं वेळ सारखाच गेला आणि शिंगरें दोन्हीं शिकलीं. परंतु एक अडावयास शिकलें व दुसरें चालावयास.

या नियमाबरोबर पुढील गोष्टी पाळाव्या. सुटका तत्काळ द्यावी. चार श्वास उशिरां दिलेली सुटका कशाबद्दल मिळाली हें शिंगरास कळत नाहीं. दाब नेहमीं हलक्यापासून आरंभ करून हळूहळू चढवावा. एका वेळीं एकच गोष्ट मागावी. पाठ दहा-पंधरा मिनिटांचा असावा, आणि एखादी गोष्ट चांगली जमली कीं तेथेंच थांबावें. प्रत्येक पाठ डाव्या व उजव्या दोन्हीं बाजूंनीं द्यावा. एका बाजूनें शिकलेलें घोडें दुसऱ्या बाजूनें नवशिकें राहूं शकतें. शाबासकी द्यावयाची तर जोरानें थापटूं नये. आयाळ जेथें संपते तेथें, खांद्यांच्या वर, खाजवावें; घोडीं एकमेकांस तेथेंच खाजवितात, आणि त्यामुळें हृदयाचे ठोके मंदावतात असें प्रयोगांनीं दिसून आलें आहे.

राग आला असतां दोर खुंट्यास बांधून घरांत निघून जावें. ग्रीक सेनानायक झेनोफोन यानें ख्रिस्तापूर्वीं चौथ्या शतकांत अश्वारोहणावर जो ग्रंथ लिहिला, त्यांतही रागाच्या भरांत घोड्याशीं व्यवहार करूं नये अशी ताकीद आहे. सुमारें चोवीसशें वर्षांत या नियमास अपवाद सांपडलेला नाहीं.

३. पहिले दिवस : आधीं घोडीशीं सलोखा

घोडी सुमारें अकरा महिने गाभण राहते. निरोगी शिंगरूं जन्मल्यापासून तासाभरांत उभें राहतें आणि दोन तासांच्या आंत आंचळास लागतें. घोडीची वार तीन तासांच्या आंत पडली पाहिजे. यांत विलंब झाल्यास घरगुती उपायांत वेळ न घालवितां पशुवैद्यास बोलवावें. पहिल्या चोवीस तासांनंतर चिकांतील रोगनिवारक द्रव्यें शिंगराच्या रक्तांत जात नाहींत. म्हणून चीक जितका लवकर पोटांत जाईल तितका बरा. नाळेस पशुवैद्याच्या सल्ल्यानें आयोडीनचें सौम्य द्रावण लावावें.

या दिवसांत शिंगरास धरून कुरवाळण्याची हौस पुष्कळांस असते. जन्मतांच शिंगराचें सर्वांग जबरीनें चोळलें तर तें जन्मभर माणसाळतें, असें मत कांहीं वर्षांपूर्वीं परदेशांत फार पसरलें होतें. पुढील परीक्षणांत त्याचा टिकाऊ गुण फारसा दिसला नाहीं. उलट फ्रान्समधील संशोधकांनीं २००५ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासांत असें आढळलें कीं, पहिले पांच दिवस शिंगरास हात न लावतां केवळ त्याच्या आईस रोज थोडा वेळ खरारा केला, तर तीं शिंगरें पुढें माणसाजवळ निर्भयपणें येतात. आई ज्याला भीत नाहीं त्याला लेंकरूंही भीत नाहीं, ही गोष्ट आपल्या गोठ्यांतही आपण पाहतों. म्हणून पहिल्या आठवड्यांत खरारा घोडीस करावा. शिंगरूं कुतूहलानें स्वतः जवळ आलें तर त्यास हुंगूं द्यावें, पकडूं नये.

४. दूध तुटेपर्यंत : मोहरकी, चालणें व पाय उचलणें

दुसऱ्या आठवड्यापासून शिंगराच्या मानेस, खांद्यास, पाठीस क्रमानें हात फिरवावा. तें निघून जाऊं लागल्यास जाऊं द्यावें. थांबलें कीं हात काढून घ्यावा. थांबल्यानें हात सुटतो हें कळलें म्हणजे तें पळणें सोडतें. मग मऊ सुताची मोहरकी घालावी. नाकपट्टी गालाच्या हाडाच्या किंचित् खालीं असावी, नाकपुड्यांजवळ घसरूं नये, आणि तींत दोन बोटें सहज जावीं. चरावयास सोडतांना मोहरकी काढून ठेवावी. ती कुंपणांत किंवा स्वतःच्याच खुरांत अडकून शिंगराची मान मोडल्याचे प्रसंग घडतात.

चालावयास शिकवितांना शिंगराचें डोकें ओढूं नये. त्याची मान कोंवळी असते, आणि मागें रेटतां रेटतां तें पाठीवर पडल्यास दुखापत कायमची होते. एक मऊ दोर त्याच्या मागच्या मांड्यांभोंवतीं सैल घ्यावा, दुसरा मोहरकीस ठेवावा. आई पुढें चालवावी. मोहरकीच्या दोरानें दिशा दाखवावी आणि चालना मागच्या दोरानें द्यावी. पाऊल पडतांच दोन्हीं दोर सैल सोडावे.

पाय उचलणें हा पाठ पहिल्या दोन महिन्यांतच सुरू करावा, कारण पुढें दर दीड-दोन महिन्यांनीं खूर तासावे लागतात. हात खांद्यापासून गुडघ्यापर्यंत, तेथून खुरापर्यंत उतरवीत न्यावा. पाय चार बोटें उचलावा व शिंगरानें ओढून घेण्यापूर्वींच आपण होऊन खालीं ठेवावा. त्यानें झटका दिला तर घाबरून न सोडतां, तो थांबेपर्यंत हात तसाच सोबत ठेवावा, आणि थांबतांच सोडावा. दोन महिन्यांच्या शिंगराचा पाय एका माणसास धरतां येतो. दोन वर्षांच्या अडेल घोड्याचा पाय तीन माणसांस आवरत नाहीं. नालबंदाच्या हाती लागण्याच्या दिवशीं पाय उचलण्याचा पहिला पाठ देणें म्हणजे लाथेस आमंत्रण देणें होय.

दूध सामान्यतः चौथ्या ते सहाव्या महिन्यांत तोडतात. त्यापूर्वीं शिंगरूं गवत-चंदी नीट खाऊं लागलेलें असावें. एकदम एकटें कोंडून ठेवूं नये. दुसरें शांत जनावर सोबत द्यावें व आईपासूनचें अंतर टप्प्याटप्प्यानें वाढवावें. दूध तोडणें आणि बाजारास नेणें या दोन गोष्टी एकाच आठवड्यांत करूं नयेत.

दोराची ओढ येतांच पुढें येण्याचा पाठ पक्का झाल्यावरच शिंगरास खुंट्यास बांधावें. खुंटा पक्का असावा, दोर खांद्याच्या उंचीवर बांधावा व गांठ सुटती असावी. आरंभीं पांच मिनिटें, जवळ उभें राहून.

५. पहिलें व दुसरें वर्ष : जग दाखविणें

या काळांत पाठीवर कांहींही ठेवावयाचें नाहीं. परंतु शिकवावयाचें पुष्कळ आहे. मोहरकी धरून शिंगरास गांवाभोंवतीं फिरवावें. ट्रॅक्टर, मोटारसायकल, वाऱ्यानें फडफडणारी ताडपत्री, नाल्याचें पाणी, कुत्रीं, पोळ्याची गर्दी, लग्नांतील वाजंत्री व भोंगे यांची ओळख याच वयांत व्हावी. ओळख करून देण्याची रीत अंतराची आहे. वाजंत्री दोनशें पावलांवर वाजत असतां शिंगरूं कान टंवकारून उभें राहतें, पण पळत नाहीं, तेथेंच थांबावें. मान खालीं घातली, ओठ चघळले, गवताकडे तोंड नेलें कीं तें निवळलें असें समजून त्यास दूर न्यावें. पुढील वेळीं दीडशें पावलें. जें भयानक वाटतें त्याच्या अंगावर शिंगरास ढकलीत नेल्यानें भीति मोडत नाहीं, पक्की होते.

लाड आणि शिस्त यांतील फरकही याच वयांत राखावा. हातांतून गूळ चारल्यानें शिंगरूं खिसे हुंगूं लागतें, मग ओठांनीं ओढतें, मग चावतें. सहा महिन्यांचें शिंगरूं मुलांच्या खांद्यावर पुढचे पाय टाकतें तेव्हां घरच्यांस गंमत वाटते. वर्षभरानें त्याच गमतीनें बरगडी मोडते. पुढें जें चालणार नाहीं तें आजही चालूं देऊं नये.

चरतांना पळूं नये म्हणून शिंगराचे पुढचे पाय एकत्र बांधण्याची वाईट चाल अद्याप दिसते. त्यामुळें पायांस जखमा होतात आणि चाल कायमची बिघडते. कुंपण घातलेली लहान जागा त्यापेक्षां स्वस्त पडते.

नर शिंगरूं पैदाशीसाठीं ठेवावयाचें नसेल, तर तें एक ते दोन वर्षांच्या दरम्यान पशुवैद्याकडून खच्ची करवून घ्यावें. वरातीच्या गर्दीस आखता घोडा किंवा शांत घोडीच योग्य. घोड्यास धनुर्वात फार लवकर होतो, म्हणून त्याची लस आधींच टोंचलेली असली पाहिजे.

६. खोगीर, लगाम व स्वार

पाठीवर बसण्याची घाई हा आपल्याकडील मोठा दोष आहे. घोड्याचीं हाडें पायाच्या खालच्या टोंकाकडून वर पिकत जातात. पुढच्या गुडघ्यावरचें हाड सुमारें अडीच वर्षांनीं पक्कें होतें आणि पाठीचा कणा पांच वर्षांच्या पुढें. दांतांवरून वयाचा अंदाज येतो : अडीच वर्षांच्या सुमारास मधले दोन दुधाचे दांत पडून पक्के येतात, साडेतीनला त्यांच्या शेजारचे, साडेचारला कडेचे, आणि पांचव्या वर्षीं तोंड भरतें. ज्याच्या तोंडांत मधले दोनच पक्के दांत आले आहेत, त्याच्या पाठीवर नवरदेव बसवूं नये. तिसरें वर्ष पुरें झाल्यावर हलका स्वार व थोडा वेळ. पूर्ण काम पांचव्या वर्षापासून.

वजनाचाही हिशेब पाहावा. पूर्ण वाढलेल्या घोड्यानेंही स्वार व सामान मिळून आपल्या वजनाच्या पांचव्या हिश्श्याहून अधिक वाहूं नये, असा सामान्य नियम धरतात. आपल्या दख्खनच्या भीमथडी घोड्यास २०२४ सालीं स्वतंत्र जात म्हणून सरकारी नोंद मिळाली. तें काटक आहे, पण अंगानें लहान आहे. अडीचशें किलो वजनाच्या तट्टास खोगिरासह पन्नास किलो ही हद्द झाली. शिंगरास त्याहून पुष्कळ कमी.

अडीच वर्षांनंतर काव्याचा पाठ द्यावा. वीसेक फुटांची बागदोर मोहरकीस बांधून शिंगरास आपल्या भोंवतीं मोठ्या फेऱ्यांत चालवावें. येथें त्यास शब्द शिकवावे : चालण्यास एक, दुडकीस एक, थांबण्यास एक; घरांतील सर्वांनीं तेच शब्द वापरावे. एका बाजूस पांच मिनिटें, दुसऱ्या बाजूस पांच मिनिटें पुरे. लहान फेऱ्यांत दमेपर्यंत पळविल्यानें सांधे झिजतात व शिंगरूं शिकतें काय, तर पळणें.

नंतर पाठीवर दुमडलेलें पोतें ठेवावें, काढावें, पुन्हां ठेवावें. मग हलकें खोगीर. तंग पहिल्या दिवशीं फक्त खोगीर सरकणार नाहीं इतका आंवळावा आणि थोडें चालवून मग एक भोंक वाढवावा. लगामाचें लोखंड तोंडांत दांत नसलेल्या मोकळ्या हिरडीवर बसतें. तेथें कातडी पातळ आहे. म्हणून तें गुळगुळीत व जाड असावें, आणि आधीं पशुवैद्याकडून दांत तपासून घ्यावे. कांटेरी लगाम ही निव्वळ क्रूरता आहेच, शिवाय तो गुन्हाही आहे. प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० याखालीं १९६५ सालीं झालेल्या नियमांनीं कांटे किंवा टोंकें असलेले लगाम, काठ्या व साज वापरण्यास मनाई केली आहे. त्याच नियमांप्रमाणें जेथें उष्णता ३७ अंशांवर जाते तेथें दुपारीं बारा ते तीन या वेळांत भारवाही व ओढीच्या जनावरांस कामास लावतां येत नाहीं. आपल्या जिल्ह्यांत उन्हाळ्याचे बहुतेक दिवस त्यांत येतात, हें लग्नसराईंत ध्यानांत ठेवावें.

स्वारानें प्रथम पोटावर आडवें पडून भार द्यावा व उतरावें. शिंगरूं स्थिर राहूं लागल्यावर पाय पलीकडे टाकावा. पहिले दिवस दुसऱ्या माणसानें बागदोर धरून पायचालीनें न्यावें. स्वारानें नुसतें बसावें. त्यानंतर काव्यांत शिकलेल्या शब्दांबरोबर लगाम व टांच यांची सांगड घालावी. लगाम ओढतांच थांबलें तर लगाम तत्काळ सैल. टांच लागतांच चाललें तर टांच तत्काळ दूर. थांबल्यावरही लगाम ताणून ठेवणारा स्वार घोड्याचें तोंड कठीण करतो, आणि मग तोच घोड्यास ‘तोंडाचें जड’ म्हणून नांवें ठेवतो.

७. आपली जमीन व आपला हंगाम

आपल्या काळ्या जमिनींत पावसाळ्यांत पाय रुततो व घसरतो. उन्हाळ्यांत भेगा पडतात आणि त्यांत शिंगराचा पाय अडकून मोडूं शकतो. नांगरट व नदीपात्रांतील खोल वाळू कोंवळ्या शिरांस ताण देते. शिकविण्यास मुरमाड, सपाट, दगड वेंचलेली जागा निवडावी. काळ कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत उत्तम. सकाळचा पहिला प्रहर साधावा. मार्गशीर्षांतील बाजारांत घेतलेलें शिंगरूं पंधरवडाभर नव्या गोठ्यास रुळलें कीं शिकविण्यास पुरता हंगाम हातीं राहतो. काम वाढेल तशी चंदी वाढवावी, आणि विश्रांतीच्या दिवशीं कमी करावी; रिकाम्या घोड्यास भरपूर हरभरा चारल्यानें अंगांत मस्ती व पोटांत शूळ दोन्हीं येतात.

८. खोडी व त्यांचीं मूळें

घोड्याच्या खोडीस शिक्षा करण्यापूर्वीं तिचें मूळ शोधावें. खोगीर पाहतांच चावूं लागलेल्या घोड्याची पाठ दाबून पाहावी. बहुधा तेथें दुखतें. डोकें उडविणाऱ्याचें तोंड उघडून पाहावें. दांत टोंचत असेल किंवा लगामानें जखम झाली असेल. दुखणें नसेल तर मागें कोणती सुटका चुकून मिळाली तें आठवावें. स्वारास पाडल्यावर ज्या घोड्यास गोठ्यांत नेऊन चंदी मिळाली, तें दुसऱ्या दिवशींही पाडणारच. अशा वेळीं जो पाठ पक्का आहे तेथवर मागें जावें, आणि तेथून पुन्हां पुढें यावें. अडलेल्या घोड्यास मारल्यानें तें अडण्याबरोबर मारही लक्षांत ठेवतें.

९. बाजारांत घ्यावयाची परीक्षा

भोंवरे पाहावयाचे ते खुशाल पाहावे, परंतु त्यानंतर विक्रेत्याकडून दोर आपल्या हातीं घ्यावा. शिंगरास एकट्यास, सोबतीच्या घोड्यांपासून तीस पावलें दूर न्यावें. थांबवावें, मागें दोन पावलें सारावें. कान, तोंड, पोट यांस हात लावावा. चारही पाय उचलावे. हें सर्व दहा मिनिटांचें काम आहे. ‘नवीन माणूस आहे म्हणून असें करतें’ हें विक्रेत्याचें उत्तर ग्राह्य धरूं नये. नव्या माणसाजवळ कसें वागतें हेंच तर आपणांस पाहावयाचें आहे. त्याचबरोबर ग्लँडर्सच्या रक्ततपासणीचा दाखला मागावा. हा रोग घोड्यापासून माणसास होतो, आणि रोग ठरलेलें जनावर कायद्यानें नष्ट करावें लागतें. नवीन जनावर कांहीं दिवस घरच्या घोड्यांपासून वेगळें ठेवावें.

वरील सर्व शिक्षणास पैसा लागत नाहीं. मोहरकी, दोन दोर, खरारा, आणि दिवसाचीं पंधरा मिनिटें एवढेंच भांडवल आहे. तें शिंगराच्या पहिल्या दोन वर्षांत घातलें तर पुढें पुष्कळ वर्षें घोडें, स्वार आणि भोंवतालचीं माणसें सुरक्षित राहतात. तें न घातल्यास तीच किंमत बाजारांत तोट्यानें किंवा दवाखान्यांत द्यावी लागते. घोडा आपल्या गुणानें दाणा खातो असें आपण म्हणतों, परंतु तो गुण अंगीं लावण्याचें काम मालकाचें आहे. ज्यांच्या घरीं घोडी गाभण असेल, त्या कास्तकार बंधूंनीं शिंगराची वाट न पाहतां आजपासूनच घोडीस रोज स्वतःच्या हातानें खरारा करण्यास आरंभ करावा.